विश्लेषण : ला लिगाच्या गोलरक्षक पुरस्काराला झामोराचं नाव का? मेल्याची बातमी छापून आलेल्या खेळाडूची गोष्ट

स्पॅनिश फुटबॉल नियमित बघणाऱ्यांना मोसमाच्या शेवटच्या आठवड्यांत एक शब्द हमखास भेटतो, तो म्हणजे झामोरा. अमुक गोलरक्षक झामोराच्या शर्यतीत आहे, तमुकने झामोरा पटकावला, अशा बातम्या आणि पोस्ट फिरू लागतात. यान ओब्लाक, तिबो कोर्तुआ, टेर स्टेगन यांच्या नावापुढे हा शब्द आपण कित्येकदा वाचलेला असतो.

पण झामोरा हा पुरस्कार होण्याआधी एक माणूस होता. रिकार्डो झामोरा. (स्पेनमध्ये उच्चार थामोराच्या जवळ जातो, पण आपल्याकडे झामोराच रुळलंय.) १९३६ मध्ये त्याला गोळ्या घालून मारल्याची बातमी पसरली होती. तेव्हा तो माद्रिदच्या एका तुरुंगात जिवंत होता. चार वर्षांच्या आत हाच माणूस प्रशिक्षक म्हणून स्पेनची लीग जिंकणार होता, आणि तेही हवाई दलाच्या छत्राखाली खेळणाऱ्या संघाला घेऊन. मधल्या काळात नेमकं काय घडलं?

आधी पुरस्काराचं गणित

माद्रिदच्या 'मार्का' या क्रीडा दैनिकाने १९५८-५९ च्या मोसमापासून हा पुरस्कार सुरू केला. नियम सोपा. खाल्लेले गोल भागिले खेळलेले सामने. ज्याचा आकडा सर्वांत कमी, तो विजेता. दोन-चार सामने खेळून कुणी बाजी मारू नये म्हणून किमान २८ सामने आणि प्रत्येक सामन्यात किमान ६० मिनिटं मैदानावर, अशी अट असते. १९९३-९४ मध्ये देपोर्तिव्हो ला कोरुन्याच्या फ्रान्सिस्को लियान्योने ३८ सामन्यांत १८ गोल खाल्ले, म्हणजे ०.४७. २०१५-१६ मध्ये अॅटलेटिको माद्रिदच्या ओब्लाकने नेमका हाच आकडा गाठला.

इंजिनीअरिंग केल्यामुळे मला गुणोत्तरं आवडतात, पण या गुणोत्तरात एक खोट आहे. पुढचा बचाव भक्कम असेल, तर गोलरक्षकाला फार काही न करताही चांगला आकडा मिळतो. खुद्द झामोराचा देशासाठीचा आकडा बघा. ४६ सामने, ४२ गोल, म्हणजे ०.९१. यातले ७ गोल एकाच दुपारचे आहेत. तो एक सामना वजा केला तर आकडा थेट ०.७८ वर येतो. त्या दुपारबद्दल पुढे येईलच.

डॉक्टरच्या घरातला मुलगा

झामोराचा जन्म २१ जानेवारी १९०१ चा, बार्सिलोनातला. वडील डॉक्टर. मुलानेही डॉक्टर व्हावं ही त्यांची इच्छा, आणि फुटबॉल म्हणजे वेळ वाया घालवणं हे त्यांचं मत. (ही गोष्ट ओळखीची वाटली असेल तर आश्चर्य नाही.) मुलगा १९१६ मध्ये, वयाच्या १५ व्या वर्षी एस्पान्योलच्या मुख्य संघातून खेळला. पुढे क्लबच्या पदाधिकाऱ्यांशी बिनसलं आणि १९१९ मध्ये तो शहरातल्या दुसऱ्या क्लबकडे, बार्सिलोनाकडे गेला. तिथे पाउलिनो अल्कान्तारा आणि होसेप सामितियेर यांच्यासोबत त्याने १९२० आणि १९२२ असे दोन स्पॅनिश चषक जिंकले. सामितियेर हे नाव लक्षात ठेवा, ते पुन्हा येणार आहे. १९२२ मध्ये झामोरा परत एस्पान्योलमध्ये.

त्या काळच्या गोलरक्षकाचं काम आजच्या मापाने मोजता येणार नाही. बॉल जाड चामड्याचा, पावसात भिजला की दगडासारखा जड. प्रतिस्पर्ध्याने खांद्याने धडक देऊन गोलरक्षकाला बॉलसकट जाळ्यात ढकललं तरी ते बऱ्याचदा नियमात बसायचं. बदली खेळाडू हा प्रकार नव्हता. हाड मोडलं तर मोडलेल्या हाडासकट उभं राहायचं किंवा संघाला दहा जणांवर सोडून बाहेर जायचं.

या गर्दीत झामोरा उंच मानेचा स्वेटर आणि डोक्यावर कापडी टोपी घालून उभा राहायचा. बॉल पकडणं शक्य नसेल तेव्हा तो हाताच्या पुढच्या भागाने, कोपराजवळून, बॉलला असा फटका द्यायचा की तो थेट मैदानाच्या मध्याकडे जाई. स्पेनमध्ये या फटक्याला नावच पडलं, झामोराना.

अँटवर्प १९२० : पदक, हाणामारी आणि सिगार

स्पेनच्या राष्ट्रीय संघाने आपला पहिला आंतरराष्ट्रीय सामना खेळला तो २८ ऑगस्ट १९२० रोजी, अँटवर्प ऑलिम्पिकमध्ये, डेन्मार्कविरुद्ध. गोलजाळ्यात १९ वर्षांचा झामोरा. स्पेनने १-० ने बाजी मारली. दुसऱ्याच दिवशी यजमान बेल्जियमने स्पेनला ३-१ ने हरवलं. इथे कथा संपायला हवी होती, पण अंतिम सामन्यात चेकोस्लोव्हाकियाचा संघ पंचांवर चिडून मैदान सोडून गेला आणि स्पर्धेतून बाद झाला. दुसऱ्या क्रमांकासाठी उरलेल्या संघांत वेगळे सामने झाले. स्पेनने स्वीडन, इटली आणि शेवटी नेदरलँड्सला हरवून रौप्यपदक मिळवलं.

इटलीविरुद्धच्या सामन्यात झामोराने प्रतिस्पर्धी खेळाडूला ठोसा लगावला आणि पंचांनी त्याला बाहेर काढलं. उरलेला वेळ मैदानी खेळाडूलाच गोलजाळ्यात उभं करावं लागलं. परतताना हवाना सिगार लपवून आणल्याबद्दल सीमेवर त्याला पकडलं आणि दंड झाला, ही गोष्टही स्पेनमध्ये शंभर वर्षं सांगितली जाते. धूम्रपान त्याने कधी लपवलं नाही. आजच्या गोलरक्षकांच्या आहारतज्ज्ञांनी हा परिच्छेद वाचू नये.

स्टार म्हणजे काय, हे स्पेनने त्याच्याकडून पाहिलं

स्पेनमध्ये फुटबॉलपटूला उघडपणे पगार देण्याची परवानगी १९२६ मध्ये मिळाली. त्याआधी पैसे मिळायचेच, फक्त टेबलाखालून. झामोरा दोन्ही काळांत सर्वांत महाग खेळाडूंपैकी एक होता. त्याच्या नावावर १९२० च्या दशकात एक मूकपटही निघाला, त्यात तो स्वतः पडद्यावर दिसला.

३ फेब्रुवारी १९२९ रोजी व्हॅलेन्सियाच्या मेस्ताया मैदानावर एस्पान्योल आणि रिअल माद्रिद यांच्यात चषकाचा अंतिम सामना झाला. पाऊस इतका की सामना स्पेनमध्ये आजही पाण्याची फायनल म्हणून ओळखला जातो. चिखलात एस्पान्योलने २-१ ने आपला पहिलावहिला चषक जिंकला. समोरच्या संघाने हे सगळं जवळून पाहिलं होतं. १९३० मध्ये रिअल माद्रिदने सुमारे दीड लाख पेसेटा मोजून झामोराला विकत घेतलं. स्पेनमधला तेव्हाचा हा विक्रमी व्यवहार.

वर्षभरात देशच बदलला. एप्रिल १९३१ मध्ये राजा देश सोडून गेला, प्रजासत्ताक आलं आणि रिअल, म्हणजे राजेशाही, हा शब्द क्लबच्या नावातून गळला. उरलं माद्रिद एफसी. त्याच वर्षी क्लबने बचावासाठी सिरियाको आणि किन्कोसेस ही जोडी आणली. झामोरा, सिरियाको, किन्कोसेस ही तीन नावं त्या पिढीतल्या स्पॅनिश पोरांना पाढ्यासारखी पाठ असायची. १९३१-३२ ची लीग या संघाने एकही सामना न हरता जिंकली. १८ सामन्यांत खाल्लेले गोल फक्त १५. पुढच्या मोसमातही विजेतेपद माद्रिदकडेच राहिलं.

योगायोग असा की नव्या प्रजासत्ताकाचा पहिला राष्ट्राध्यक्षही झामोराच निघाला, निसेतो अल्काला-झामोरा. स्पेनच्या राष्ट्राध्यक्षपदी झामोरा आल्याचं कळल्यावर स्टॅलिनला वाटलं की गोलरक्षकालाच निवडलं, असा एक विनोद फिरतो. खरा असण्याची शक्यता फारच कमी, पण विनोद चालला, कारण दोघांत जास्त प्रसिद्ध कोण याबद्दल कुणालाच शंका नव्हती.

इंग्लंडविरुद्धचे दोन सामने

१५ मे १९२९, माद्रिदचं मेट्रोपोलितानो मैदान. इंग्लंडने पहिल्या वीसेक मिनिटांतच २-० आघाडी घेतली. स्पेनने बरोबरी साधली, इंग्लंड पुन्हा पुढे गेलं, आणि शेवटच्या पंधरा मिनिटांत स्पेनने दोन गोल करून सामना ४-३ ने जिंकला. ब्रिटन-आयर्लंडबाहेरच्या कुठल्याही देशाकडून इंग्लंडचा हा पहिला पराभव. धडकेत छातीचं हाड मोडूनही झामोरा त्या दिवशी खेळत राहिला, असं त्याच्या बहुतेक चरित्रांत आढळतं.

इंग्लंडने परतफेडीसाठी अडीच वर्षं वाट पाहिली. ९ डिसेंबर १९३१, लंडनचं हायबरी मैदान, ओली हवा, जड मैदान. निकाल ७-१. वर गणितात वजा केलेली ती दुपार हीच. जगातला सर्वोत्तम म्हणून ज्याला बघायला लंडनकर आले होते त्याच्या हातून बॉल निसटत राहिला. पुढची काही वर्षं इंग्लंडमध्ये त्याचं नाव या सामन्यासोबतच घेतलं गेलं. त्याला याचा हिशेब चुकता करायची संधी लवकरच मिळाली, फक्त देश दुसरा होता.

फ्लॉरेन्स, १९३४ : २४ तासांत दोन सामने

मुसोलिनीच्या इटलीत झालेला हा विश्वचषक. स्पेनचा कर्णधार झामोरा. २७ मे रोजी जेनोआत स्पेनने ब्राझीलला ३-१ ने हरवलं. त्या सामन्यात झामोराने ब्राझीलच्या वाल्देमार दि ब्रितोची पेनल्टी अडवली. हाच दि ब्रितो पुढे पेले नावाच्या पोराला हुडकून सांतोस क्लबकडे घेऊन गेला.

पुढचा सामना यजमानांशी. ३१ मे रोजी फ्लॉरेन्समध्ये स्पेनने आधी गोल केला. इटलीने बरोबरी केली तेव्हा त्यांच्या आक्रमकाने झामोराची वाट अडवली होती, अशी स्पेनची तक्रार होती. ती मान्य झाली नाही. जादा वेळेतही १-१. तेव्हा पेनल्टी शूटआउट नव्हता. नियम एकच, दुसऱ्या दिवशी पुन्हा खेळा.

दुसऱ्या दिवशी, १ जूनला, मैदानात उतरलेल्या स्पॅनिश संघात आदल्या दिवशीचे सात जण नव्हते. झामोराही नव्हता. दोन तासांच्या धसमुसळ्या खेळात त्याच्या बरगड्यांना मार बसला होता. त्याच्या जागी बार्सिलोनाचा नोगेस उभा राहिला. जुझेप्पे मेआत्साच्या गोलवर इटली १-० ने जिंकली आणि पुढे विश्वविजेती झाली. पुनर्लढतीचे स्विस पंच रेने मर्से यांच्यावर त्यांच्याच देशाच्या संघटनेने नंतर कारवाई केली. स्पेनला त्याचा काही उपयोग नव्हता. मायदेशी मात्र हरून आलेल्या झामोराचं जंगी स्वागत झालं.

धुळीतला बॉल

आता २१ जून १९३६. पुन्हा मेस्ताया मैदान, पुन्हा चषकाची फायनल. सात वर्षांपूर्वी इथे पाणी होतं, या वेळी कडक ऊन आणि उडणारी धूळ. माद्रिदविरुद्ध बार्सिलोना. माद्रिदने पहिल्या बारा मिनिटांतच दोन गोल केले. बार्सिलोनाच्या होसेप एस्कोलाने एक फेडला. नंतर माद्रिदचा एक खेळाडू जखमी होऊन बाहेर गेला आणि दहा जण उरले.

अगदी शेवटी एस्कोलाला पुन्हा संधी मिळाली. त्याने जवळून, खाली, खांबालगत फटका मारला. झामोरा झेपावला आणि दोघांमध्ये धुळीचा लोट उठला. स्टेडियमला बॉल दिसेना. बार्सिलोनाच्या काहींनी गोल झाला म्हणून हात वर केले. धूळ बसली तेव्हा झामोरा उभा होता आणि बॉल त्याच्या हातात होता. निकाल २-१. या क्षणाच्या छायाचित्रात धूळच जास्त आहे, माणूस कमी. तरी स्पॅनिश फुटबॉलमधलं ते सर्वांत प्रसिद्ध छायाचित्रांपैकी एक आहे.

माद्रिदसाठी त्याचा हा शेवटचा मोठा सामना ठरला. चार आठवड्यांनी, १७ जुलैला, सैन्याने बंड केलं.

तुरुंगात का टाकलं?

यादवी युद्ध सुरू झालं तेव्हा माद्रिद प्रजासत्ताकाच्या ताब्यात होतं. शहरात सशस्त्र टोळ्या बंडाला सहानुभूती असलेल्यांचा शोध घेत होत्या. झामोरा कुठल्या पक्षाचा पुढारी नव्हता. पण तो या काळात 'या' नावाच्या उजव्या, कॅथलिक दैनिकात फुटबॉलवर लिहीत असे. सामान्य माणसाच्या बाबतीत हे कुणाला आठवलंही नसतं. झामोराचं नाव मात्र सगळ्यांना माहीत होतं, तो कुठे लिहितो हेही. त्याला पकडून मोदेलो तुरुंगात टाकण्यात आलं.

मोदेलो म्हणजे त्या वेळी मरणाची प्रतीक्षायादी. ऑगस्टमध्ये तुरुंगात घुसून अनेक राजकीय कैद्यांना ठार मारण्यात आलं होतं. नोव्हेंबरमध्ये फ्रँकोचं सैन्य माद्रिदच्या वेशीवर आलं तेव्हा तिथल्या आणि इतर तुरुंगांतल्या कैद्यांना ट्रक-बसमध्ये भरून शहराबाहेर पाराकुएयोस इथे नेऊन गोळ्या घालण्यात आल्या.

दुसऱ्या बाजूला, बंडखोरांच्या ताब्यातल्या भागात, झामोराला लाल लोकांनी ठार केलं अशी बातमी छापून आली, रेडिओवरून सांगितली गेली. त्याच्यासाठी चर्चमध्ये प्रार्थना झाल्याच्या आठवणीही आहेत. प्रचारासाठी मेलेला झामोरा फार उपयोगाचा होता. देशाचा लाडका खेळाडू शत्रूने मारला, यापुढे पत्रक लिहायची गरजच काय? आज फेक न्यूज हा शब्द आपण रोज वापरतो. इथे गंमत अशी की ही बातमी खोटी असली, तरी ती कुठल्याही पहाटे खरी ठरू शकत होती.

मग वाचवलं कुणी?

याचं उत्तर दोन टप्प्यांत आहे. तुरुंगात त्याला सांभाळलं ते त्याच्या नावानेच. पहारेकरी त्याला अंगणात उभं करून त्याच्यावर पेनल्टी मारायचे, म्हणजे त्याच्यावर गोल केला असं घरी जाऊन सांगता येईल, अशी एक आख्यायिका आहे. दुसरी गोष्ट जास्त ठोस. पेद्रो लुईस दि गाल्वेस नावाचा एक अराजकतावादी कवी होता. उधळ्या, कायम कर्जात, माद्रिदच्या कॅफेंमध्ये बदनाम. युद्धात त्याच्या कमरेला पिस्तुलं आली आणि शब्दाला वजन आलं. त्याने तुरुंगात सगळ्यांसमोर झामोराला मिठी मारली आणि हा माझा मित्र आहे, याला हात लावायचा नाही, अशा आशयाचं बजावलं, असं त्या काळावर लिहिणाऱ्यांनी नोंदवलं आहे.

दुसऱ्या टप्प्यात अर्जेंटिनाचा दूतावास आला. त्यांच्या आश्रयामुळे झामोरा सुटला, आणि तुकुमान नावाच्या अर्जेंटिनाच्या नौदलाच्या जहाजातून स्पेनबाहेर पडून फ्रान्सला पोहोचला. नीस शहरात त्याला जुना मित्र भेटला. बार्सिलोनाचा सामितियेर. तोही अशाच परिस्थितीतून निसटून आला होता. चाळिशीकडे झुकलेले हे दोघे नीसच्या संघातून खेळले. मायदेशात माणसं मरत होती आणि हे दोघे फ्रान्सच्या किनाऱ्यावर बॉल खेळत होते. दोन्ही बाजूंच्या अनेकांनी ही गोष्ट त्यांना माफ केली नाही.

१९३८ मध्ये झामोरा स्पेनला परतला, तो फ्रँकोच्या ताब्यातल्या भागात. तिथे सैनिकांच्या मदतीसाठी झालेल्या सामन्यात तो दिसला. मेलेला झामोरा वापरून झाला होता, आता जिवंत झामोराही कामाला आला. त्याच्यापुढे दुसरा कोणता पर्याय होता, हे आपण इथे मोबाइलवर स्क्रोल करत ठरवणं सोपं आहे.

विमानांचा संघ

युद्ध १ एप्रिल १९३९ रोजी संपलं. फुटबॉल परत सुरू करायचा होता, पण कशावर? माद्रिदच्या अॅथलेटिक क्लबचंच उदाहरण घ्या, म्हणजे आजचा अॅटलेटिको. १९३६ मध्ये हा संघ पहिल्या श्रेणीतून खाली घसरला होता. मेट्रोपोलितानो मैदान (जिथे इंग्लंड हरलं होतं तेच) लढाईत उद्ध्वस्त झालेलं. क्लब कर्जबाजारी, अनेक खेळाडू युद्धात गेलेले.

दुसरीकडे फ्रँकोच्या हवाई दलातल्या लोकांनी युद्धकाळात स्वतःचा संघ उभा केला होता, आव्हिआसिओन नासिओनाल. त्यांच्याकडे तरुण खेळाडू, वाहनं, पेट्रोल आणि वजन होतं. लीगमध्ये जागा नव्हती. ऑक्टोबर १९३९ मध्ये दोघे एकत्र आले आणि अॅथलेटिक आव्हिआसिओन तयार झाला. प्रशिक्षक म्हणून नाव आलं झामोराचं.

आता नशिबाचा भाग. ओविएदोचं मैदान युद्धात इतकं खराब झालं होतं की त्या संघाने एक मोसम विश्रांती मागितली. पहिल्या श्रेणीत एक जागा रिकामी झाली. त्यासाठी अॅथलेटिक आव्हिआसिओन आणि ओसासुना यांच्यात एकच सामना, व्हॅलेन्सियात. झामोराचा संघ ३-१ ने जिंकला. लीग सुरू व्हायला तेव्हा आठवडाच उरला होता.

स्वतःचं मैदान नसल्याने हा संघ शहरातल्या इतरांच्या मैदानांवर खेळला. १२ संघ, २२ सामने. शेवटच्या दिवशी, एप्रिल १९४० च्या अखेरीस, शर्यत सेव्हियाशी होती. झामोराच्या संघाने व्हॅलेन्सियाला २-० ने हरवलं, तिकडे सेव्हियाला हर्क्युलिसने ३-३ असं बरोबरीत रोखलं. २९ विरुद्ध २८. एका गुणाने विजेतेपद. ज्या क्लबला पहिल्या श्रेणीत जागाही नव्हती, त्याने इतिहासातली आपली पहिली लीग जिंकली. पुढच्या मोसमात, १९४०-४१ मध्ये, दुसरी.

यात हवाई दलाचा हात किती आणि प्रशिक्षकाचा किती? देशात रेशनिंग होतं, लोक पावासाठी रांगा लावत होते, बाकीचे संघ प्रवासाच्या अडचणींनी बेजार होते. लष्करी वाहनं आणि लष्करी सेवेच्या नावाखाली खेळाडू मिळणाऱ्या संघाला फायदा होता, हे नाकारण्यात अर्थ नाही. पण नुसत्या ट्रकने लीग जिंकता येत नाही. दोन मोडक्या संघांतून, काही आठवड्यांत, एक संघ बांधण्याचं काम कुणीतरी केलं होतं.

एप्रिल १९४० मधलीच आणखी एक नोंद. पेद्रो लुईस दि गाल्वेस, तुरुंगात झामोराला मिठी मारणारा तो कवी, युद्ध संपल्यावर पकडला गेला होता. लष्करी न्यायालयाने त्याला मृत्युदंड दिला. झामोराने प्रशिक्षक म्हणून पहिली लीग जिंकली, त्याच महिन्यात आणि त्याच शहरात गाल्वेसला गोळ्या घालण्यात आल्या.

प्रशिक्षक म्हणून पुढे काय?

१९४६ पर्यंत तो माद्रिदमध्ये होता. तोवर हवाई दलाचा संबंध सैल होत चालला होता आणि लवकरच क्लबचं नाव अॅटलेटिको माद्रिद झालं. झामोरा गॅलिसियातल्या सेल्टा व्हिगोकडे गेला. माझ्या मते प्रशिक्षक झामोरा समजून घ्यायचा तर व्हिगोतली ही तीन वर्षं बघावीत, कारण इथे ना विमानं होती ना मंत्रालय. १९४७-४८ मध्ये सेल्टाने लीगमध्ये चौथा क्रमांक मिळवला आणि चषकाची फायनल गाठली. फायनलमध्ये सेव्हियाने त्यांना ४-१ ने हरवलं. पण त्या संघाचा पाहिन्यो लीगमध्ये सर्वाधिक गोल करणारा ठरला, आणि मधल्या फळीत मिगेल मुन्योस होता. दोघांनाही लगेच रिअल माद्रिदने उचललं. हाच मुन्योस पुढे रिअल माद्रिदचा कर्णधार म्हणून आणि नंतर प्रशिक्षक म्हणूनही युरोपियन चषक जिंकला.

त्यानंतरचा प्रवास पटकन सांगता येईल. मालागा, १९५२ मध्ये थोड्या काळासाठी स्पेनचा राष्ट्रीय संघ, मग पुन्हा जिथून सुरुवात झाली ते एस्पान्योल. मोठी विजेतेपदं आली नाहीत. त्याचा मुलगाही, त्याच नावाचा, स्पॅनिश लीगमध्ये गोलरक्षक झाला. बाप आणि मुलगा, दोघांचंही नाव रिकार्डो झामोरा आणि दोघांची जागाही तीच. मुलाने आयुष्यभर काय काय ऐकलं असेल याची कल्पना करता येते.

देशासाठीच्या ४६ सामन्यांचा त्याचा विक्रम १९७० च्या दशकापर्यंत टिकला. तो मोडला तोही एका गोलरक्षकानेच, अॅथलेटिक बिल्बाओच्या होसे आंखेल इरिबारने.

त्याच्यासमोरच पुरस्कार झाला

पुरस्कार सुरू झाला तेव्हा झामोरा ५७ वर्षांचा होता. आपल्या नावाचा चषक इतरांना मिळताना त्याने पुढची वीस वर्षं पाहिलं. मार्काने नंतर मागच्या मोसमांचे आकडेही काढून १९२८-२९ पासूनची यादी पूर्ण केली, त्यामुळे झामोरा पुरस्काराच्या विजेत्यांमध्ये स्वतः झामोराचंही नाव आहे.

फ्रँको नोव्हेंबर १९७५ मध्ये गेला. झामोराचं निधन ८ सप्टेंबर १९७८ रोजी बार्सिलोनात झालं, वयाच्या ७७ व्या वर्षी. या वेळी बातमी खरी होती. नवी राज्यघटना स्पेनने सार्वमताने स्वीकारली ती त्यानंतर तीन महिन्यांनी.